थंड आणि गोठवलेल्या अन्नाची विक्री : दुकानदारांसाठी नियम, ग्राहकांसाठी हक्क

दूध, दही, पनीर, लोणी, आइस्क्रीम, गोठवलेला मटार, मासळी आणि मांस यांची विक्री आता महानगरांतील मोठ्या दालनांपुरती मर्यादित राहिलेली नाही. लहान शहरांतील आणि उपनगरांतील किराणा दुकानांतही शीतकपाट आणि डीप फ्रीझर ही नित्याची साधने झाली आहेत. मात्र, हे पदार्थ विकताना पाळावयाचे नियम अनेक दुकानदारांना पुरेसे ठाऊक नसतात आणि त्या नियमांमुळे मिळणारे हक्क ग्राहकांनाही माहीत नसतात. दोन-चार तास तापमान वाढल्याने बिघडलेला पदार्थ पुन्हा थंड केला, तरी तो पूर्वीसारखा सुरक्षित होत नाही. थंड आणि गोठवलेल्या अन्नाविषयीचे बहुतेक सर्व नियम याच एका गोष्टीवर आधारलेले आहेत.

शीतसाखळीचे शेवटचे टोक

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई महानगरपालिकेच्या हद्दीत कोहका ही वस्ती आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. या कारखान्यामुळे देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे आले. त्यांत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही समावेश होता. कारखान्याच्या नियोजित वसाहतीबाहेर सुपेला, कोहका यांसारख्या वस्त्या वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर लहान दुकानांची संख्याही वाढली.

उन्हाळ्यात या भागातील कमाल तापमान अनेकदा ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. गोठवलेल्या पदार्थासाठी आवश्यक असलेले उणे १८ अंश तापमान लक्षात घेतले, तर दुकानाबाहेरील हवा आणि फ्रीझरमधील माल यांत ६० अंशांहून अधिक फरक राहतो. वाहनातून माल उतरविताना तो अर्धा तास उन्हात राहिला, फ्रीझरचे झाकण नीट बसले नाही किंवा वीज गेली, तर या फरकाचा परिणाम लगेच दिसू लागतो. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया, जळगाव, सोलापूर या शहरांतील दुकानदारांसमोरही उन्हाळ्यात हीच अडचण असते. उत्पादकाच्या कारखान्यात, शीतगृहात आणि शीतवाहनात तापमान मोजण्याची यंत्रणा सहसा असते. कोपऱ्यावरील दुकान हे या साखळीचे शेवटचे आणि अनेकदा सर्वांत कच्चे टोक ठरते.

थंडीमुळे काय होते, काय होत नाही

अन्नात वाढणाऱ्या बहुतेक रोगकारक जिवाणूंना सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान मानवते. त्यामुळे तापमानाच्या या पट्ट्याला धोक्याचा पट्टा म्हटले जाते. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या गतीने एका जिवाणूपासून चार तासांत चार हजारांहून अधिक जिवाणू तयार होतात.

तापमान ५ अंशांखाली आल्यावर ही वाढ मंदावते. उणे १८ अंशांवर ती थांबते. परंतु गोठविल्याने सर्व जिवाणू मरत नाहीत. त्यांपैकी अनेक केवळ निष्क्रिय होतात आणि पदार्थ वितळताच पुन्हा वाढू लागतात. लिस्टेरिया हा जिवाणू तर शीतकपाटाच्या तापमानातही हळूहळू वाढू शकतो. गर्भवती स्त्रिया, नवजात बालके, वृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा विशेष धोका असतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थांतून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीत एक हजारांहून अधिक लोक बाधित झाले आणि दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. युरोपातील पाच देशांत २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्यातून व भाज्यांतून याच जिवाणूचा संसर्ग झाला. त्यात ४७ रुग्ण आढळले आणि ९ जण दगावले. गोठवलेली वस्तू म्हणजे निर्जंतुक वस्तू नव्हे, हे या दोन्ही घटनांतून स्पष्ट झाले.

पुन्हा गरम केल्याने सर्व दोष दूर होतात, हा समजही पूर्णतः खरा नाही. स्टॅफिलोकोकस या जिवाणूने अन्नात तयार केलेले विष उकळल्यानंतरही टिकून राहू शकते. बांगडा, कुपा यांसारखे मासे पुरेसे थंड न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते आणि तेही शिजविल्याने नाहीसे होत नाही. अशा पदार्थाचा वास आणि रंग प्रत्येक वेळी बदललेला असतोच, असे नाही. म्हणूनच कायदा दुकानदाराच्या नाकापेक्षा तापमापकावर अधिक विश्वास ठेवतो.

कायद्याची चौकट

स्वातंत्र्योत्तर काळात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा होता. त्याचा भर नावाप्रमाणेच भेसळीवर होता. फळे, मांस आणि दुग्धजन्य पदार्थ यांसाठी स्वतंत्र आदेश होते. हे सर्व एकत्र करून संसदेने अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ संमत केला. त्यानुसार २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. या कायद्याखालील नियम व विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले.

हा कायदा देशभर समान आहे. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र प्रामुख्याने राज्यांकडे आहे. प्रत्येक राज्यात अन्न सुरक्षा आयुक्त, जिल्हा पातळीवर पदनिर्देशित अधिकारी आणि प्रत्यक्ष तपासणीसाठी अन्न सुरक्षा अधिकारी अशी रचना आहे. महाराष्ट्राप्रमाणेच छत्तीसगडमध्येही हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. राज्याची अन्न चाचणी प्रयोगशाळा रायपूर येथे आहे.

कायद्याच्या २७ व्या कलमात उत्पादक, वितरक आणि विक्रेता यांची जबाबदारी वेगवेगळी सांगितली आहे. मुदत संपलेला माल विकणे, अन्न अस्वच्छ स्थितीत हाताळणे वा ठेवणे, मिथ्याछाप माल विकणे, ज्याचा उत्पादक वा वितरक ओळखता येत नाही असा माल विकणे आणि असुरक्षित असल्याचे माहीत असूनही माल स्वीकारणे, या गोष्टींसाठी विक्रेता स्वतः जबाबदार असतो. माल कंपनीकडून बंद पाकिटात आला, हे उत्तर या बाबतींत पुरेसे ठरत नाही. फ्रीझर आइस्क्रीम कंपनीने पुरविलेला असला, तरी दुकानात तो कसा चालविला जातो याची जबाबदारी दुकानदाराचीच असते.

नोंदणी आणि परवाना

अन्नपदार्थांची विक्री करणाऱ्या प्रत्येक दुकानाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. किरकोळ विक्रेते, फेरीवाले आणि तात्पुरते ठेले यांना परवान्यातून सूट असली, तरी त्यांना नोंदणी करणे बंधनकारक आहे. २०११ च्या विनियमांत नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठेवण्यात आली होती. अशा मर्यादा दुरुस्तीद्वारे बदलत असल्याने अर्ज करताना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील तत्कालीन तरतूद पाहणे आवश्यक ठरते.

नोंदणी वा परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो ग्राहकाला दिसेल अशा ठिकाणी लावावा लागतो. जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक देयकावर व पावतीवर छापणेही बंधनकारक करण्यात आले.

दुकानात पाळावयाचे नियम

परवाना व नोंदणीविषयक विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या आवश्यक अटी दिल्या आहेत. या अटी आणि प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना यांनुसार थंड व गोठवलेल्या अन्नाच्या विक्रेत्याने पुढील बाबी सांभाळणे अपेक्षित आहे.

तापमान : थंड ठेवावयाचे पदार्थ ५ अंश सेल्सिअस वा त्याखाली आणि गोठवलेले पदार्थ उणे १८ अंश वा त्याखाली ठेवावेत. यंत्रावरील दर्शकावर पूर्णपणे विसंबून न राहता वेगळ्या तापमापकाने पडताळणी करावी. तापमानाची नोंद दररोज ठरावीक वेळी वहीत ठेवावी.

माल स्वीकारणे : वाहनातून आलेल्या मालाचे तापमान, वेष्टनाची स्थिती आणि मुदत तपासूनच तो उतरवून घ्यावा. गोठवलेला माल मऊ झालेला असल्यास तो परत पाठवावा. स्वीकारलेला माल तत्काळ फ्रीझरमध्ये ठेवावा.

मांडणी : फ्रीझरमधील भरण्याच्या रेषेवर माल रचू नये. हवेचे झोत अडतील असे खोके ठेवू नयेत. कच्चे मांस व मासळी ही दूध, दही, मिठाई आणि थेट खाण्याच्या पदार्थांपासून वेगळी ठेवावीत. एकच कपाट वापरणे भाग असेल, तर कच्चा माल बंद डब्यात व सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा.

विक्रीचा क्रम : ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी विकावा. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालातून काढून, स्पष्ट सूचना लावून वेगळा ठेवावा.

देखभाल : दारांचे रबर, साचलेला बर्फ आणि पाण्याचा निचरा यांची नियमित तपासणी करावी. फ्रीझर उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवू नये.

कर्मचारी : अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी व त्यांना विषमज्वरासारख्या आजारांविरुद्ध लस द्यावी. जुलाब, ताप किंवा हातावर उघडी जखम असलेल्या व्यक्तीला अन्न हाताळू देऊ नये.

नोंदी : माल नोंदणीकृत वा परवानाधारक पुरवठादाराकडूनच घ्यावा आणि त्याचे देयक जपून ठेवावे. कायद्यानुसार देयक वा पावती ही मालाच्या दर्जाविषयीची लेखी हमी मानली जाते. उत्पादनातील दोषाबद्दल चौकशी झाल्यास दुकानदाराच्या बचावात देयक आणि तापमानाची वही या दोन गोष्टी सर्वाधिक उपयोगी पडतात.

वीजपुरवठा खंडित झाल्यास

दार बंद ठेवल्यास घरगुती शीतकपाट सुमारे ४ तास आणि पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडावा टिकवून ठेवू शकतो. अर्धा भरलेल्या फ्रीझरमध्ये हा काळ सुमारे २४ तासांवर येतो. दुकानातील फ्रीझर वारंवार उघडला जातो आणि अनेकदा त्याचे झाकण काचेचे असते. त्यामुळे दुकानदाराने यापेक्षा बराच कमी वेळ गृहीत धरावा.

वीज गेल्यावर विक्री थांबवून झाकण बंद ठेवणे हा पहिला उपाय आहे. वीज परत आल्यानंतर प्रत्येक थरातील मालाचे तापमान पाहावे. वितळलेला माल पुन्हा गोठवून विकू नये. वीजबिल वाचविण्यासाठी रात्री फ्रीझर बंद ठेवून सकाळी पुन्हा सुरू केल्यास परिणाम तोच होतो. शिवाय असे रोज घडत असल्याने धोका रोज वाढत जातो. वितळलेले आइस्क्रीम फेकून देण्याचा तोटा लहान दुकानदाराला जाणवण्याजोगा असतो. परंतु त्यातून एखादे मूल आजारी पडल्यास होणारी हानी त्या तोट्यात मोजता येत नाही.

वेष्टनावरील माहिती

पदार्थाचे नाव, घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, निर्मितीची तारीख, वापराची अंतिम तारीख आणि साठवणुकीच्या सूचना या बाबी बंद वेष्टनावर असणे आवश्यक आहे. वापराची अंतिम तारीख ही वेष्टनावर सांगितलेल्या तापमानात पदार्थ ठेवला तरच ग्राह्य असते. पाच अंशांखाली ठेवावयाचे पनीर दुकानाच्या फळीवर दिवसभर राहिले, तर छापलेली तारीख पुढची असूनही तिला अर्थ उरत नाही.

आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. आइस्क्रीममधील स्निग्धांश दुधाचा असावा लागतो आणि साध्या आइस्क्रीममध्ये तो किमान १० टक्के असणे आवश्यक असते. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचा वापर केलेला असतो. दोन्ही पदार्थ विकण्यास हरकत नाही. मात्र एकाच्या नावाखाली दुसरा विकणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरते.

सुट्या मिठाईबाबत १ ऑक्टोबर २०२० पासून ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम राहील, हे ताटलीवर दर्शविणे बंधनकारक झाले. रसमलाई, रबडी यांसारख्या दुधाच्या व लवकर खराब होणाऱ्या मिठायांच्या बाबतीत ही सूचना विशेष महत्त्वाची आहे.

बर्फाचा प्रश्न

मासळी थंड ठेवण्यासाठीचा बर्फ आणि सरबतात घालावयाचा बर्फ यांतील फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. पिण्यायोग्य नसलेल्या पाण्यापासून बनविलेला बर्फ पोटात गेल्यास कावीळ, विषमज्वर व अतिसार यांचा संसर्ग होऊ शकतो. यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळसर रंग देणे बंधनकारक करण्यात आले. खाण्याचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा आणि तो स्वच्छ, झाकलेल्या पेटीत ठेवावा. मासळीच्या पेटीतील बर्फ पुन्हा कोणत्याही खाद्यपदार्थासाठी वापरू नये.

तपासणी आणि कारवाई

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दुकानात प्रवेश करून तपासणी करण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार आहे. घेतलेल्या नमुन्याची नेहमीची किंमत त्याने दुकानदाराला द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग करून त्यांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे पाठविला जातो. विश्लेषकाने साधारणतः १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. अहवाल मान्य नसल्यास दुकानदाराला अपील करता येते. अधिकाऱ्याने विनाकारण त्रास दिल्याचे सिद्ध झाल्यास त्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्रुटी आढळल्यास प्रथम सुधारणा नोटीस दिली जाते आणि त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत असते. सुधारणा न झाल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. अस्वच्छ स्थितीत अन्न ठेवल्यास एक लाख रुपयांपर्यंत, मिथ्याछाप मालासाठी तीन लाखांपर्यंत आणि कमी दर्जाच्या मालासाठी पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षांचा कारावास होऊ शकतो व तो जन्मठेपेपर्यंत वाढू शकतो. त्याशिवाय मृताच्या वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे.

ही कारवाई केवळ लहान दुकानांवर होते, असे नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईतील धारावी येथील एका झटपट घरपोच सेवेच्या गोदामाचा अन्न परवाना निलंबित केला होता. काही पदार्थांवर बुरशी असणे, शीतसाठ्याचे तापमान न राखणे आणि मुदत संपलेला माल वेगळा न ठेवणे, असे दोष तपासणीत नोंदविण्यात आले होते. दहा मिनिटांत वस्तू घरी पोहोचली, तरी त्याआधीचे कित्येक तास ती कोणत्या स्थितीत होती, हा प्रश्न कायम राहतो.

ग्राहकांनी काय पाहावे

खरेदी करताना ग्राहकाने काही साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. गोठवलेल्या मटाराचे दाणे पाकिटात सुटे असावेत. त्यांचा एकसंध गोळा झाला असल्यास माल वितळून पुन्हा गोठल्याची शक्यता असते. आइस्क्रीमच्या डब्याचा आकार बिघडला असेल, त्यात बर्फाचे मोठे खडे असतील किंवा डब्याबाहेर ओघळ वाळले असतील, तर तो घेऊ नये. दुधाची वा दह्याची फुगलेली पिशवी नाकारावी. थंड पदार्थांची खरेदी सर्वांत शेवटी करावी आणि उन्हाळ्यात त्यासाठी जाड पिशवी वापरावी. घरी आल्यावर हे पदार्थ लगेच शीतकपाटात ठेवावेत.

संशय असल्यास ग्राहक स्वतःही पदार्थाची तपासणी करवून घेऊ शकतो. कायद्याच्या ४० व्या कलमानुसार खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगून, शुल्क भरून, अन्न विश्लेषकाकडून अहवाल मागविता येतो. पदार्थात दोष आढळल्यास हे शुल्क परत मिळते. तक्रारीसाठी प्राधिकरणाची फूड सेफ्टी कनेक्ट ही सुविधा, जिल्ह्याचे अन्न सुरक्षा कार्यालय आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तक्रार करताना पावती, वेष्टन आणि त्यावरील तुकडी क्रमांक सांभाळून ठेवणे आवश्यक आहे.

कोहक्यातील लहान दुकान असो वा मुंबईतील मोठे गोदाम, दोघांसाठी तापमानाचा निकष एकच आहे. तो पाळण्यासाठी महागड्या यंत्रणेची गरज नाही. एक विश्वसनीय तापमापक, एक वही आणि वितळलेला माल न विकण्याचा निश्चय एवढ्या साधनांवर दुकानदार आपल्या वाट्याची जबाबदारी पार पाडू शकतो. त्या वहीतील नोंदी पाहण्याची सवय ग्राहकांनीही लावून घेतल्यास नियमांच्या अंमलबजावणीला अधिक बळ मिळेल.